डिस्क सापडत नाही

३ मार्च, सकाळी ९
उठलो. दाढी केली. ताईचा लॅपटॉप आजपासून माझ्या ताब्यात. रडतखडत चालतो, म्हणून सगळी सिस्टिम नव्याने टाकणार. ताई अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. चार वर्षांचं काम आत आहे. ते वेगळ्या कप्प्यात असतं, त्याला धक्का लागत नाही, हे तिला काल जेवताना तीनदा समजावलं. दुपारपर्यंत काम फत्ते. नोकरी गेली म्हणून माणूस संपत नाही. ऑफिसात मी आवक-जावक बघायचो, पण कॉम्प्युटर समोरच्याच टेबलावर होता.

३ मार्च, दुपारी ४
किरकोळ अडथळा. इन्स्टॉल सुरू केलं की स्क्रीनवर येतं, एकही ड्राइव्ह सापडला नाही. ड्राइव्ह म्हणजे डिस्क, जिच्यात सगळं साठवलेलं असतं. दोनदा बंद-चालू केलं. नाही सापडला. जेवण राहिलं.

४ मार्च
बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगांत शिरलो. निळा पडदा, माउस चालत नाही. डिस्कच्या रकान्यात ‘काही नाही’. हा बायोसचा गैरसमज. एक सेटिंग बदललं, मग दुसरं. मग पहिलं काय होतं ते विसरलो. यापुढे प्रत्येक बदल वहीत लिहायचा, हा नियम.
दाजी घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचे हात शिवशिवतातच. म्हणाले, खोलून बघायचं का. म्हटलं, हे स्क्रूचं काम नाही, डोक्याचं आहे. ते ताईकडे बघून गप्प बसले. पटलं असावं.

६ मार्च
सव्वासातला उठलो. तीन वेगवेगळे ड्रायव्हर घालून पाहिले. ड्रायव्हर म्हणजे डिस्कशी ओळख करून देणारा मध्यस्थ. मध्यस्थ तिन्ही आले, पण स्थळ काही दार उघडेना.
वही सापडत नाही.
ताईला सांगितलं, अपडेट चालू आहेत, पंचावन्न टक्के झालं. आकडा सांगितला की माणसाला बरं वाटतं.

८ मार्च
अंध मुलांच्या शाळेतल्या बाईंचा फोन. इतिहासाची शेवटची तीन प्रकरणं सोमवारी हवीत. ताई शांतपणे म्हणाली, देते. मला काही विचारलं नाही, तरी मी ब्याऐंशी टक्के सांगून टाकलं.
डिस्क मेली असेल का? असेल तर वयोमानाने. पण मागच्या रविवारी सकाळी चालत होती, हेही खरं.

९ मार्च
ताई खोकली तरी वाटतं, आता विचारेल. शाळेतल्या एका मुलीने तिला म्हणे सांगितलं होतं की, स्वप्नातली सगळी माणसं तुमच्याच आवाजात बोलतात. हे नेमकं आजच का आठवावं.
उद्या दुकानात जाणार. सल्ला नव्हे, फक्त दुसरं मत.

१० मार्च, दुपारी १
दुरुस्तीवाल्याने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. यात डिस्कच नाही, म्हणाला. रिकामी खाच. किती दिवस शोधताय, असं विचारलं. म्हटलं, आत्ताच हातात घेतलाय. बदललेली सेटिंगं त्याने न विचारता सरळ करून दिली.
चोरीच. ताईला काय तोंड दाखवू?

१० मार्च, संध्याकाळी ६
सांगून टाकलं. टक्के खोटे होते, डिस्क गेली, तुझी चार वर्षं गेली. ती उठली आणि कपाटातून रुमालात गुंडाळलेली डिस्क काढून समोर ठेवली. मी काम अंगावर घेतल्याचं ऐकून त्याच रविवारी तिने ती दाजींना लॅपटॉपमधून काढायला लावली होती. रोज दुपारी शाळेत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरला जोडायची. तिन्ही प्रकरणं आज पोचली.
मग आठ दिवस मला राबवलं कशाला, असं मी चिडूनच विचारलं.
ती म्हणाली, “सहा महिन्यांत पहिल्यांदाच तू सकाळी उठून दाढी करत होतास रे. मला ते मोडवेना.”
पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

११ मार्च
दाजींनी नवी कोरी डिस्क बसवली. सात मिनिटं. लगेच दिसली. इन्स्टॉल मी केलं, म्हणजे नेक्स्ट मी दाबलं. माझं निदान तसं पहिल्या दिवसापासून अचूक होतं, डिस्क नव्हतीच. हे दाजींना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे.
शेवटी पासवर्ड ठेवायची वेळ आली. ताईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि अगदी मायेने म्हणाली, जरा तिकडे बघ.
बघितलं. पासवर्ड बराच लांब होता.