नळामागची भिंत

ठाणे, ता. २० नोव्हेंबर १९५०

चि. आनंदा यास मालनअक्काचे अ. उ. आ.

लक्ष्मीचं महिन्याचं श्राद्ध होऊन गेलं, तरी तुझं पत्र नाही. हे परवा कल्याणला डोकावून आले. म्हणाले, तू दुकानांच्या पाट्या रंगवायचं सोडलंस आणि नळापाशी नुसता बसून असतोस. तिथे म्हणे रोज भांडणं. पटकी निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी लोकांनीच आणली म्हणून आपली आळी त्यांना पाणी भरू देत नाही, आणि शेजारच्या बायजाने एका सिंधी बाईचं डोकं हंड्याने फोडलं. अरे, लक्ष्मीसारखा बायजाचा नवरा नाथाही पटकीतच गेला, तिचं दुःख कळतं. पण तू त्यात राहू नकोस. खोली सोड, इकडे ये. जेवतोस ना, एवढं तरी कळव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
अक्का

कल्याण, ता. २८ नोव्हेंबर

ती. अक्कास आनंदाचा शि. सा. न. वि. वि.

जेवतो. खोली सोडवत नाही. अक्का, मला लक्ष्मीचा चेहरा आठवत नाही. हात आठवतात, आवाज आठवतो, चेहऱ्याशी गेलो की सगळं पुसून जातं. फोटो नाही. मी रंगारी, पण नऊ वर्षांच्या संसारात तिला एकदाही समोर बसवून काढलं नाही.

म्हणून नळामागच्या बंद गिरणीच्या भिंतीवर गेरू आणि काजळीने काढू लागलो. हंडा घेतलेली. चेहऱ्याची जागा कोरीच राहिली. बायजा बघत होती. म्हणाली, हिच्या शेजारी माझा नाथा काढशील का? काढला. मग डोक्याला पट्टी बांधलेली ती सिंधी बाई, जमनाबाई, आली. तिची सून लक्ष्मी गेली त्याच आठवड्यात गेलेली. खुणांनी सांगू लागली, मी काढू लागलो. तेवढ्यात आळीतला दगडू आणि त्याची माणसं धावून आली. इथे त्यांची माणसं काढशील तर बघ, असं बजावून गेली.

आज सकाळी सगळ्या भिंतीवर डांबर होतं. लक्ष्मीवर, नाथावरसुद्धा. अक्का, आता माझ्याने होत नाही. कशासाठी उठायचं तेच कळत नाही.

तुझा,
आनंदा

ठाणे, ता. १ डिसेंबर

चि. आनंदास अ. उ. आ.

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि चूल तशीच टाकून हे लिहितेय. हे उद्या येताहेत, त्यांच्याबरोबर नीघ. एकटा खाडीकडे जाऊ नकोस, तुला माझी शपथ आहे. लक्ष्मी कशी होती ते लिहायला बसले तर मलाही नीट सांगता येईना. मग तुला कसला बोल लावू? फक्त राहा रे, बाबा.

अक्का

कल्याण, ता. १४ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

भावोजींना परत पाठवलं, रागावू नकोस. त्याच दिवशी बायजा विळा घेऊन भिंत खरवडायला आलेली. दगडूला साऱ्या आळीदेखत म्हणाली, पटकीने माझा माणूस एकदा नेला, तू दुसऱ्यांदा नेलास. तो खाली मान घालून गेला. थोड्या वेळाने जमनाबाई पत्र्याचा तुकडा घेऊन आली आणि बायजाच्या शेजारी खरवडू लागली. बायजाने सरकून तिला जागा करून दिली. दुपारपर्यंत दोन्हीकडच्या बायका लागल्या, आणि मी पुन्हा गेरू कालवला.

आता भिंतीवर अकरा जण आहेत, छावणीतले आणि आळीतले एकाच रांगेत, नळाकडे तोंड करून. माणसं येतात, आपल्या माणसाचे नाक-डोळे सांगतात. ज्याची भाषा मला कळत नाही त्याचं बोलणं दुसरा कुणी समजावतो. सिंधी बायका पाणी भरतात, कुणी अडवत नाही. दगडू मात्र लांबच्या विहिरीवर जातो.

लक्ष्मी शेवटी राहिली. जमनाबाईने तेव्हा सांगितलं, की सगळे हाकलत होते त्या दिवसांत लक्ष्मी भर दुपारी तिची कळशी भरून द्यायची. मला हे ठाऊकच नव्हतं. तिने भिंतीवर बोट ठेवून डोळे दाखवले, बायजाने हनुवटी. मी काढत गेलो. झाल्यावर बायजा पदर तोंडात धरून रडली, लक्ष्मी गं, म्हणाली. सगळ्यांनी ओळखली.

अक्का, मला ओळखू आली नाही. रोज पाणी भरायला जातो आणि तिच्यासमोर उभा राहतो. मागच्या बायका घाई करत नाहीत. तू एकदा येऊन बघ, आणि तीच आहे का ते मला सांग.

तुझ्या मायेवर तगून असलेला,
आनंदा