एमेटची खुर्ची

९ जानेवारी १९७८

पोहोचले एकदाची. पाइक हॉलोचा हा डोंगर म्हणजे टेकडीच. बर्फावरून घसरायला येणाऱ्यांना वर नेणारी, तारेला टांगलेल्या दोघांपुरत्या खुर्च्यांची एक जुनी लिफ्ट, पायथ्याला लाकडी उपाहारगृह आणि त्याच्या माळ्यावर माझी खोली. मोठ्या डोंगरावर इतकी वर्षं लिफ्ट चालवली, पण तिथं मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. इथं ऑरिन ट्युक्सबरीनं दारातच हातात सूपचा वाडगा ठेवला आणि विचारलं, बर्निस, तुला डोनट तळता येतात ना? लिफ्टचं नंतर बघू. साठी उलटलेला, एकटा माणूस. टेकडी त्याच्या वडलांची. शनिवार-रविवारी गावातली मंडळी येतात, बाकी आठवडा सामसूम. खिडकीतून पाइनची झाडं दिसतात. मला इथं बरं वाटणार.

१४ जानेवारी

पहिला शनिवार. शेगडीभोवती ओले हातमोजे, जमिनीवर चिखल, कोको दोनदा संपला. टपाल कचेरीतली लुएला म्हणाली, ऑरिनच्या डोनटनी दात पडायचे, तुझ्यामुळे वाचले. दिवसभर हसणं चाललं होतं.

संध्याकाळी शेवटचा माणूस वर उतरला आणि ऑरिननं तिथल्या तिथं लिफ्ट बंद केली. मी म्हटलं, रिकामी एक फेरी होऊ दे, खुर्च्यांवरचा बर्फ झडेल. आमच्याकडे रोज करायचो.

"मोठ्या डोंगरावरचं शहाणपण इथं नको, बर्निस. माणसं असतील तोवरच फिरवायची. रिकामी फिरली की आमचा एमेट बसतो."

एमेट त्याचा धाकटा भाऊ. तीस वर्षांपूर्वी वादळात अडकलेल्या कुणाला तरी आणायला वर गेला, तो सापडलाच नाही. हे ऑरिननं भांडी पुसता पुसता सांगितलं. दुःख माणसाला काय काय मानायला लावतं.

१५ जानेवारी

ऑरिन पायरीवर घसरला, घोटा मोडला. इस्पितळात नेलं. स्ट्रेचरवरून त्यानं माझा हात घट्ट धरला. म्हणाला, "एमेटला खाली यायचंय गं. पण त्याच्या जागी कुणीतरी वर लागतं. मला कधी कुणाला बसवता आलं नाही." औषधाची गुंगी असावी. मी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

१७ जानेवारी

कालपासून बर्फ पडतोय, थांबायचं नाव नाही. रस्ता बंद, फोन बंद. खुर्च्यांवर एवढा बर्फ साचलाय की तार तुटेल असं वाटलं. शेवटी दुपारी लिफ्ट चालू केली. रिकामी.

वरून येणाऱ्या एका खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. जाड लोकरी कोट, पाय लोंबकळणारे, तोंड माझ्याकडे. खुर्ची लिफ्ट चालवायच्या केबिनमागून वळून आली तेव्हा रिकामी होती.

लिफ्ट बंद केली.

१८ जानेवारी, सकाळ

तो खाली शेगडीपुढे बसलाय. विस्तव पेटलेला आहे, पण त्याच्या खांद्यावरचा बर्फ वितळत नाही. विशी-पंचविशीचा असेल. मला पाहून त्यानं विचारलं, ऑरिन कुठाय? जेवायला उशीर झालेल्या घरच्या माणसासारखं, सहज. मी मागच्या मागे बाहेर आले आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं.

शिखरावरच्या चौकीत वायरलेस आहे. एवढ्या बर्फात चालत जाणं अशक्य. केबिनमध्ये किल्ली फिरवून लिफ्ट चालू करते, तिच्यानंच जाते. वही कोटात आहे.

दुपार

अर्ध्यावर लिफ्ट थांबली.

खाली झाडांचे शेंडे. उडी मारावी तर हाडं राहणार नाहीत. उपाहारगृहाचं दार सताड उघडं आहे. कुलूप मी स्वतः घातलं होतं. तो केबिनमध्ये उभा आहे, हात खिशात घालून. मी ओरडते. तो ऐकतो. करत काही नाही.

खुर्चीचा समोरचा आडवा दांडा वर उचलता येत नाही. गोठला असेल. गोठलाच असेल—

१९ जानेवारी

रात्र गेली. कशी, सांगता येत नाही.

थंडी वाजत नाही. वाजायला हवी. श्वासाची वाफ दिसत नाही—

नंतर

बर्फ काढणाऱ्या गाडीचा आवाज. रस्ता मोकळा झाला. देवा—

लुएलाची गाडी. ऑरिन उतरला, प्लास्टरमधला पाय ओढत. लुएला गाडी वळवून गेली. मी केवढ्यानं ओरडले. तिनं मान वर केली नाही.

ऑरिनपुढे एमेट उभा आहे. ऑरिन त्याचा चेहरा चाचपतोय. कुबडी पडली. दोघं—

ऑरिननं वर पाहिलं. मला पाहिलं. नक्की पाहिलं. लिफ्ट चालू कर, ऑरिन, लिफ्ट—

तो रडतोय. भावाची बाही सोडत नाही.

केबिनकडे येतोय. एकटाच. आत गेला. बटणाजवळ—

नाही. लिफ्टची किल्ली काढून घेतली. केबिनच्या खिडकीला फळ्या लावतो—