नांदूरघाटचा चहा

नांदूरघाट,
५ जुलै २०२४

ती. आत्यास,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर इथे बैठकीपर्यंत जातं, म्हणून कागदच बरा. इकडे कापूस चांगला उगवलाय. आप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, निवडणुकीमुळे माणसांची रीघ आहे. चुलीवरून पातेलं उतरत नाही.

माझं मात्र ठीक नाही. तोंड पांढरंफटक पडलंय, ओठांच्या कडा चिरल्यात, कातडी कोरडी पडून खाजते. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. गावातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणल्या. दोन महिने खातेय, फरक नाही. शेजारच्या ताराबाईंनी तर कोडाची सुरुवात असेल म्हणून सांगितलं. तेव्हापासून सासूबाई तुझं नाव घेऊन म्हणतात, तेलगावच्या साखराबाईनं आजार लपवून पोरगी आमच्या गळ्यात बांधली. पंचमीला माहेरी जाशील ती बरी होईस्तोवर तिकडंच राहा, असं त्यांनी ह्यांच्यासमोर सांगितलं. हे उठून बैठकीत निघून गेले. आत्या, मला फार भीती वाटते.

तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.
तुझी रोहिणी

तेलगाव,
१२ जुलै २०२४

चि. सौ. रोहिणीस,
साखराबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या परमेश्वरदादाकडून दोनदा वाचून घेतलं. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवलं, सोयरीकही मीच जुळवली. तुझ्या अंगावर काय होतं नि काय नव्हतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? लपवायला होतंच काय, तुझं घोरणं? तेवढं मात्र मी सांगितलं नव्हतं, ते खरं.

चेष्टा राहू दे. ताराबाईच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून रडत बसू नकोस. सोमनाथला म्हणावं, मला केजला डॉक्टरीणबाईंकडे ने. पुढाऱ्याच्या पोरानं बायकोसाठी एक दिवस काढला तर मतं कमी होत नाहीत. आणि तू जेवतेस का वेळेवर? खरं लिही. परमेश्वरची म्हैस व्याली, रेडकू झालं.

जिवाला जप, मला विसरू नको.
तुझी आत्या

नांदूरघाट,
२४ जुलै २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

केजला जाऊन आले. कोड नाही! डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि मी तिथंच रडले. अंगात रक्त कमी आहे, त्यानंच कातडी, केस, ओठ बिघडलेत. मग त्यांनी विचारलं की गोळी कशाबरोबर घेतेस. मी म्हटलं, चहाबरोबर. त्यांनी कपाळावर हात मारला.

आत्या, इथे बायका जेवतात दुपारी तीनला, पाहुणे उठल्यावर. तोवर पातेल्यातला उरलेला चहा पोटात ढकलायचा. भूक मरते. मग भाकरीबरोबरही चहाच आणि गोळीही त्याच घोटाबरोबर. बाई म्हणाल्या, चहातला तुरटपणा भाजी-भाकरीतलं आणि गोळीतलं लोह धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, अशातली गत! आता गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि जेवणाच्या मागंपुढं तास-दोन तास चहा नाही.

पण या घरात चहाला नाही म्हणायची सोय नाही. आप्पा भांडणं मिटवतात ती दोन्हीकडच्यांना चहा पाजून. ज्यानं कप मागे सरकवला, त्याचं भांडण अजून बाकी आहे, असं सगळी पंचक्रोशी धरते. मी काल सासूबाईंच्या हातचा कप घेतला नाही. त्या म्हणाल्या, आता ही माझ्याशी वैर धरते हाय. मी डॉक्टरांचं सांगितलं, तर म्हणाल्या, चहानं कुणाचं रक्त आटलं न्हाई, मी जन्मभर पिते हाय, मला काय झालं? सोमवारी त्या स्वतः केजला येणार आहेत, डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारायला. काय होईल ते होवो.

आशीर्वाद असू दे.
रोहिणी

तेलगाव,
२९ जुलै २०२४

चि. सौ. रोहिणीस आशीर्वाद.

आज सोमवार. माझं चित्त थाऱ्यावर नाही. त्यांनी तुला पाठवलंच, तर खाली मान घालून येऊ नकोस, हे तुझंच घर आहे. पण तुझं चालतं घर मोडावं असं मला वाटत नाही, तेवढ्यासाठीच देवापुढे बसलेय. लगेच कळव.

आत्या

नांदूरघाट,
२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सासूबाई केजला गेल्या त्या तावातावात. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, खरं सांगा, पोरीला कोणता रोग हाय. डॉक्टरीणबाई त्यांच्याचकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ बघितले, पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, आणि म्हणाल्या की आधी तुमचं रक्त तपासू. आत्या, सासूबाईंचं रक्त माझ्यापेक्षाही कमी निघालं. त्यांना दम लागतो, टाचा फाटतात, ते त्या वयाचं समजत होत्या. बाईंनी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाल्या, लग्न होऊन या घरात आले तवापासून असंल. त्यांना त्यांच्या सासूनं दुपारी तीनला जेवायला शिकवलं होतं.

मला राग होता त्यांचा, अजून थोडा आहे, पण येताना गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या, तेव्हा मीही रडले.

पंचमीला परमेश्वरदादाला नेहमीसारखं न्यायला पाठव. चार दिवस राहून परत यायचं ठरलंय, हे सासूबाईंनीच सांगायला लावलंय. कातडी सुधारायला वेळ लागेल म्हणतात, पण आता मला घाई नाही.

काल बारा वाजता सासूबाईंनी दोन ताटं वाढली आणि मला शेजारी बसवलं. बैठकीत माणसं भरलेली. आप्पांनी बाहेरून चहाची हाक दिली. एकदा, दोनदा. सासूबाईंनी घास खाली ठेवला नाही, आतूनच म्हणाल्या, आमी जेवतो हाय, चहा थांबंल. आणि आम्ही दोघी पोट भरेपर्यंत जेवलो.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझी रोहिणी