मोरगावला न बोललेला नवस

प्रिय माधवी,

छकुलीचा स्वेटर विणून झाला, त्याच्या घडीत हे पत्र ठेवते आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे चावडी. तू पलीकडून हॅलो म्हणायच्या आत इकडे सगळे कान देऊन बसतात, आणि तुझे सासरे तर स्पीकर लावल्याशिवाय बोलतच नाहीत. म्हणून लिहिते. सव्वीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, पण सुनेला पत्र लिहायला बसले तर पहिली ओळ चारदा खोडली. दुपार आहे, सगळं सणसर गाव जेवून आडवं झालंय. ओसरीवरून कॅनॉलपर्यंतचा ऊस दिसतो. त्याला तुरे आलेत. वारा आला की ते सगळं पांढरं एका अंगाला झुकतं आणि हळूच परत उभं राहतं. बघता बघता आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळत नाही. अशा वेळी खरं बोलायला मला सोपं जातं.

तू दिवाळीला आठ दिवस म्हणून माहेरी सुप्याला गेलीस, आता संक्रांत तोंडावर आली. कुशल कारखान्यातून येतो, जेवतो आणि छकुलीचे फोटो बघत बसतो. तू त्याला कंटाळलीस असं त्याला वाटतं. तो बोलत नाही, पण आईला दिसतं. या रविवारी तुझे सासरे भावकीतले चार जण घेऊन सुप्याला बैठकीला यायचे असं ठरलं. तुझ्याकडचे चार, आमचे चार, आणि मधे तुला उभी करून विचारणार, पोरी, तिथं तुला काय कमी आहे? तू मान खाली घालणार. मग ज्याला जसा सुचेल तसा तो तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावणार. एकदा बैठकीत अर्थ लागला की तो पुसता येत नाही, आणि अशा बैठकांतून मोडलेले दोन संसार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. तुझा मोडू नये म्हणून मला आधी माझं सांगायचं आहे. बैठकीचं काय झालं ते शेवटी लिहिते.

कुशलच्या वेळी मी दीड दिवस अडले होते. टाके किती पडले ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सव्वा महिन्यानं घरात वावरायला लागले तर लक्षात आलं, शिंक आली की साडी ओली, हसले की ओली, हंडा उचलला की ओली. वाटलं, बाळंतिणीचं असंच असतं, जाईल. ते गेलं नाही. पुढच्या पंचमीला झाडाखाली बायांनी फेर धरला आणि मला फुगडीला ओढलं. मी लग्नाआधी फुगडीत कोणाला हार गेले नव्हते बरं. चार गिरक्या झाल्या आणि मला कळलं. तशीच मटकन खाली बसले, चक्कर आली म्हणाले, सगळ्या घरी जाईपर्यंत उठले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पंचमी जवळ आली तशी माझी झोप उडाली. शेवटी चुलीपुढे बसून आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या आजेसासूला, कुशाबाईंना, मी सांगून टाकलं की मी मोरगावच्या देवाला नवस बोलले आहे. पोरगं धडधाकट होऊ दे, मी फुगडी सोडीन. माधवी, असा नवस मी कधी बोललेच नव्हते. त्या वर्षी तर मी मोरगावला गेलेसुद्धा नव्हते.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, माझ्या खोट्याला मात्र चांगले चार पाय फुटले. आत्याबाईंनी लगेच जाहीर केलं की आपल्या घरातली कोणतीच बाई पहिल्या बाळंतपणानंतर फुगडी घालणार नाही, देवाला दिलेला शब्द आहे. झाला घराण्याचा कुळाचार! मला वाट सापडली आणि मी त्या वाटेनं सुटले. रात्रीचंही दुखायचं गं. इतकं दुखायचं की संध्याकाळ नकोशी व्हायची. मग उपास धरले, सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थी आणि एकादशी. आठवड्यातले बहुतेक वार मी देवांना वाटून टाकले. तुझ्या सासऱ्यांनी आपली बाज ओसरीवर नेली ती कायमची. कधी रागावले नाहीत, कधी विचारलं नाही. गावात माझं नाव झालं, मंदाकिनीबाई म्हणजे केवढ्या देवभोळ्या. मी मान खाली घालून ते नावही घेतलं.

पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि दुखण्याचं दुसरं दार उघडलं. आता आग आग व्हायची, कोरडं पडल्यासारखं. एसटीत बसवायचं नाही. वर्षातून तीन-चारदा लघवीला जळजळ, की मेडिकलवाल्याकडून गोळ्या. एकदा बारामतीला मिटिंगला गेले असताना दवाखान्याच्या पाटीवर एका हसऱ्या बाईचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं की बाळंतपणानंतरच्या आणि पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर लेझर उपचार. मला लेझर म्हणजे मिरवणुकीत डीजेवर हिरवी-निळी फिरते तेवढीच ठाऊक. ती तिथे कशी काय लावतात, ह्या विचारानं मला रस्त्यात एकटीला हसू आलं, आणि हसले म्हणून साडी भिजली. मग मात्र डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या आठवड्यात मिटिंग आहे म्हणून घरी सांगितलं आणि त्या पाटीखाली जाऊन उभी राहिले.

डॉक्टर सुप्रिया तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. मी आत जाऊन एका दमात म्हणाले, मला लेझर मारून द्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाणी दिलं आणि केव्हापासून होतंय ते विचारलं. मी आकडा सांगितला, अठ्ठावीस वर्षं. तो आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला आणि तिथेच रडायला लागले. तपासून झाल्यावर त्यांनी स्वच्छ सांगितलं की लेझर ही जादू नाही. एकीला गुण येतो, एकीला येत नाही, अजून त्याचा पक्का अभ्यास व्हायचा आहे. आधी लावायचं मलम आणि व्यायाम, तीन महिने. व्यायाम म्हणजे काय, तर लघवी अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं, दहा मोजायचे आणि सोडायचं. अंगणवाडीत पोरं एक ते दहा म्हणायची तेव्हा त्यांच्या बाई खुर्चीवर बसून काय करत होत्या, ते कोणाला कळलं नाही. त्या तीन महिन्यांत पोरांचे अंक पक्के झाले आणि माझी आग पुष्कळ कमी झाली. ओलं होणं निम्म्यावर आलं.

तरी लेझरचं मनातून जाईना. डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं, मी विचार केला आणि महिन्याच्या अंतरानं दोनदा घेतलं. डोळ्यांवर गॉगल लावून मी पडले होते आणि मशीन घुमत होतं. दुखलं असं म्हणता येणार नाही, आत खोलवर ऊब येऊन जात होती, थंडीत उन्हाकडे पाठ करून बसावं तशी. त्या उबेत मला कुठे नेलं कोण जाणे. मी अकरा-बारा वर्षांची होते, कॅनॉलच्या पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि माझ्या शेजारी ओळीनं कितीतरी बाया बसल्या होत्या, ओळखीच्या, अनोळखी, काही कधीच्या वारलेल्या. कोणी बोलत नव्हतं. पाणी सगळ्यांच्या पायांवरून एकसारखं जात होतं. झालं म्हणून डॉक्टरांनी खांद्याला हात लावला तेव्हा मला तिथून उठावंसं वाटेना. गुण लेझरचा किती, मलमाचा किती, व्यायामाचा किती, ते मला सांगता यायचं नाही, डॉक्टरांनाही नाही. पण आता मी पोटभर हसते.

दुसरं लेझर झालं त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. ओसरीवरच, भरदिवसा. नवस, उपास, दुखणं, काही ठेवलं नाही. त्यांनी उसाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तू देवाची झालीस. मी काय देवाशी भांडू व्हय?" माधवी, मी या माणसाला एवढी वर्षं ओसरीवर ठेवलं आणि त्यानं भांडणसुद्धा केलं नाही, कारण समोर देव उभा केला होता मी. त्याची मला फार लाज वाटली. अजून वाटते.

आता तुझं. श्रावणात पंचमीला बायांनी तुला फुगडीला बोलावलं आणि आत्याबाईंनी नवसाची आठवण करून दिली, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. कॉलेजात फुगडीचं बक्षीस मिळवलेली पोर तू, मला वाटलं रुसशील. तू सुटल्यासारखा श्वास सोडलास. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. नंतर तू प्रवासाआधी पाणी प्यायची बंद झालीस, दिवसातून दोनदा कपडे बदलायला लागलीस, आणि एक दिवस मला विचारलंस, आई, चतुर्थी कशी धरायची? मी ओळखलं होतं. तेव्हाच तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी काय केलं, तर तुला पोथी दिली आणि गावभर सांगितलं की सून माझ्यावर गेली. लाज आडवी आली गं. ज्या खोट्यानं माझा संसार ओसरीवर नेला ते मी माझ्या हातानं तुझ्या ओटीत घातलं. माझी चूक झाली. माझा अंदाज चुकला असेल तर हे पत्र चुलीत घाल आणि मला माफ कर. पण तसंच असेल, तर डॉक्टरांना मी तुझं नाव न घेता विचारलं आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला कोरडेपणा येतो, टाक्यांची जागा दुखू शकते, दोन्हींवर उपाय आहेत. लेझरची घाई तर मुळीच नको म्हणाल्या. कुशलला मी यातलं काही बोललेले नाही. ते तुझं आहे, सांगायचं की नाही ते तू ठरव.

आणि हे पत्र आजच का, ते आता सांगते. काल मी आत्याबाईंसमोर बसले आणि कबूल केलं की नवस खोटा होता. ब्याऐंशी वर्षांची बाई, वाटलं शिव्या घालील. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मंदे, मला त्याच दिशी कळलं हुतं. तुझ्या नवसानं माजी बी सुटका झाली. सहाव्या बाळंतपणापासनं माजं अंग भाईर आलंय. बोळा लावून चालते मी." गर्भाची पिशवी खाली उतरलेली, पंचावन्न वर्षं, माधवी. मी जिच्यापासून लपवत होते ती माझ्या शेजारी बसून तेच लपवत होती. तुझ्या सासऱ्यांनी हे ऐकलं, बायकांचं दुखणं चार माणसांत मांडायचं नाही म्हणाले आणि बैठक मोडली. रविवारी कोणीही येणार नाही, निवांत राहा. गुरुवारी अकरा वाजता मी आत्याबाईंना डॉक्टर सुप्रियांकडे नेते आहे, पण त्या एका अटीवर निघाल्यात. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते: "माधवी आली तरच मी त्या तपासायच्या टेबलावर चढनार. तिला लिव्ह, म्हातारीचा हात धराया ये. नांदायचं मागनं बघू."

तुझीच,
आई