टेकडीच्या आड चार साड्या

५ ऑक्टोबर २००६, गुरुवार. सकाळी ७.
आजच्या अन्यायाची नोंद कुठेतरी व्हायलाच हवी, म्हणून करतो. यवतमाळची नोकरी मुदतीआधी सोडून महागावच्या वर या टेकड्यांत घर बांधलं ते एकाच कारणासाठी: सकाळच्या चहाबरोबर समोरचा डोंगर दिसावा. आज डोंगराच्या जागी साड्या. एक राणी कलरची, एक पोपटी, दोन जांभळ्या फुलांच्या. इथल्या तांड्यातल्या शेजारणीनं, मोतीबाईनं, रानडुकरं ज्वारीत शिरू नयेत म्हणून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सुनांच्या जुन्या साड्या बांधल्यात. डुक्कर म्हणे साडीला माणूस समजतं.
चहा मुद्दाम गार होऊ दिला. निषेध.

संध्याकाळी.
मोतीबाईशी सौजन्यानं बोललो. म्हणाली, "साहेब, कापसाले भाव नाही. निदान ज्वारी तर घरात येऊ द्या. पहाड काय, कुठं पळून राह्यला?"
लॉजिक कच्चं. पण मी वाद घालत नाही.

६ ऑक्टोबर.
साड्या सोडल्या. गॅलरीसमोरच्या, चारच. बाकी कुंपण जसंच्या तसं. तात्पुरती अ‍ॅडजस्टमेंट आहे, मोतीबाईला उद्या सांगणार. डोंगर उत्कृष्ट.
पोपटी साडी फाडून टोमॅटोच्या झाडांना बांधायला पट्ट्या केल्या. टाकाऊतून टिकाऊ.

७ ऑक्टोबर. सकाळी.
डुकरं येऊन गेली. बरोबर त्याच फटीतून. मोतीबाईची बरीच ज्वारी आडवी. माझी रताळीही उकरली, म्हणजे नुकसान दोघांचं सारखंच. आज सांगणं योग्य नाही, ती रागात आहे. खरं बोलायचं तर वेळ पाहून बोलावं.

दुपारी.
मोतीबाईला गुन्हेगार सापडला: तिचा धाकटा दीर, देवीलाल. गाडीवाटेनं जाताना साड्या बैलाच्या शिंगात अडकतात, अशी त्याची परवाच तक्रार होती. धुऱ्यावर उभी राहून ती ओरडत होती, "काहून सोडल्या रे? तुझ्या बैलाचे शिंगं का सोन्याचे हायेत?" देवीलाल म्हणे, "वैनी, मी हात बी नाही लावला!" ती म्हणे, "मंग साड्या का पायानं चालत गेल्या?"
मी दार लावून घेतलं. मोठ्या आवाजानं मला त्रास होतो.

८ ऑक्टोबर, रविवार.
बायको, शोभा, आली. तिची नोकरी यवतमाळलाच, रविवारपुरती येते. टोमॅटोच्या पट्ट्या कसल्या, विचारलं. बाजारातून कापड आणलं, म्हणालो. तिनं एक पट्टी उलटी करून पाहिली. म्हणाली, "फॉल लावलेलं?"
चहा करायला आत गेलो.

९ ऑक्टोबर.
प्रकरण चिघळलं. मोतीबाईकडे बैल एक, देवीलालकडे एक. त्यांची सावड असते: दोन्ही बैल जुंपून आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. मोतीबाईनं आपला बैल सोडून नेला. "त्याच्या बैलाच्या बाजूले माझा बैल उभा बी राहनार नाही."
हरभरा पेरायचाय. जमिनीतली ओल रोज उडून चाललीय. एका बैलानं तिफण ओढली जात नाही. दोन बैल दोन खुंट्यांना रवंथ करताहेत आणि दोन वावरं रिकामी.
उद्या सांगून टाकायचं. फायनल.

१० ऑक्टोबर.
बीपी.

११ ऑक्टोबर.
तांड्यानं मला पंच नेमलं! शिकलेला आणि तटस्थ म्हणून. शेवटी माणसाची किंमत कळते. मोतीबाईच्या अंगणात शेजारधर्मावर भरपूर बोललो. भाषण रंगलं होतं, तेवढ्यात देवीलाल उठला. "साहेब, तुमच्या गॅलरीतून सारं दिसते. तुमीच सांगा, कोनं सोडल्या?"
सगळ्या माना माझ्याकडे. चष्मा लावला नव्हता, म्हणालो.
मोतीबाई म्हणाली, "चष्म्याबिगर पहाड दिसते तुमाले, अन् साडी नाही दिसत?"
लोक हसले. देवीलाल हसला नाही. खिशातून आपल्या वावरातलं ढेकूळ काढून त्यानं मुठीत दाबलं. पीठ झालं. "दोन रोज," म्हणाला. "मंग हरभरा निंगत नाही." कुणाला उद्देशून म्हणाला कळलं नाही. मला तर नव्हेच.

१२ ऑक्टोबर.
झोप नाही. अ‍ॅसिडिटी.
निर्णय: उरलेल्या तीन साड्या गुपचूप परत बांधायच्या. पण त्या मातीनं भरलेल्या. घेतलेली वस्तू घेतली त्याहून चांगली करून द्यावी, हे आमच्या घरचे संस्कार. धुतल्या, वाळवल्या. मग लोडशेडिंग संपायची वाट पाहत बसलो. इस्त्री अख्ख्या तांड्यात माझ्याच घरी. झेंडावंदनाला पोरांचे शर्ट इथेच येतात. उपकार कधी बोलून दाखवले नाहीत.
लाइट संध्याकाळी आली. चांगल्या कडक केल्या.

१३ ऑक्टोबर. पहाटे.
बांधल्या. कुणी पाहिलं नाही. कुणाला कळणं शक्य नाही.

सकाळी ८.
मोतीबाई कुंपणाशी आली. राणी कलरच्या साडीवरची घडीची रेघ तिनं बोटानं वरपासून खालपर्यंत चाचपली. मग देवीलालला हाक मारली. दोघांनी साडीकडे पाहिलं. मग माझ्या घराकडे. परत साडीकडे. देवीलाल धुऱ्यावर मटकन बसला आणि पोट धरून हसायला लागला.
टेन्शननं माणसाचं असं होतं.

दुपारी.
दोन्ही बैल एका जुवाखाली! तिफण चालू. माझ्या भाषणाचा परिणाम उशिरा झाला, पण झाला. माझ्या कुंपणाशी बैल वळवताना देवीलाल प्रत्येक वेळी म्हणतो, "रामराम, पंचसाहेब!" आदर वाढलाय.

१४ ऑक्टोबर.
पोपटी साडीची जागा रिकामी. सकाळी तिथल्या मातीत डुकराच्या खुरांचे ताजे ठसे. फटीपर्यंत येऊन परत फिरलेले. आज फिरले.
दिवसभर डोंगर पाहिला. तेवढ्याच फटीतून दिसतो. बरा आहे. इतकंही काही विशेष नाही.
शोभाचा फोन, उद्या येत नाही म्हणून. पुढे एवढंच विचारलं, "कुणाची होती रे ती?"

१५ ऑक्टोबर. दुपारी.
बैठकीच्या खिडकीचा हिरवा पडदा काढला. नवा आहे. भर उन्हात, सगळ्यांदेखत धुऱ्यावर गेलो. गाठ काही जमेना. मोतीबाई गवताचा भारा घेऊन येत होती, थांबली. भारा खाली ठेवून तिनं पडद्याचं दुसरं टोक धरलं. दोन्ही गाठी तिनंच मारल्या. फट बुजली, डोंगर गेला.
जाताना तिनं पडद्यावरून हात फिरवला.
"साहेब, याले इस्त्री नाही केली?"
म्हणालो, "लाइट नव्हती."