बर्फी कोणाकडे राहील

मी, डॉ. तापी नथ्थू पाटील, वय एकाहत्तर, राहणार सारंगखेडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. त्याबद्दल शंका फक्त माझा भाऊ हेमकांत याला आहे, आणि तीही मी लग्नाला नकार दिला तेव्हापासून.

१. तापीकाठची केळीची शेती भाचा धर्मेंद्र याला. त्याने तिथे मंगल कार्यालय बांधू नये. बांधलेच, तर पंगतीत शिकरण ठेवावे.

२. राहते घर, ठेवी आणि माझा पांढरा कोट भाची मयूरी हिला. ती फार्मसी शिकते आहे. नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासायचे, हे काम मी अंकलेश्वरच्या प्रयोगशाळेत उभी हयात केले. मी पास केलेली दोन औषधे आज दुकानात मिळतात. मी अडवलेली कितीतरी कोणाच्याच पोटात गेली नाहीत, आणि मला त्यांचाच अभिमान जास्त आहे. मयूरीने हे चारचौघांत सांगावे, कारण आपण होऊन कोणी विचारत नाही.

३. शेजारीच राहणाऱ्या मोहिनीवहिनीला, म्हणजे हेमकांतच्या बायकोला, काहीही द्यायचे नाही, असे पूर्वी ठरवले होते. नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाली, "उंदरं मारस त्या हातना पेढा माले नही जोयजे." सगळे पेढे मी ओट्यावर बसून एकटीने संपवले. राग अजून आहे. पेढे मात्र फार छान होते.

४. आता जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती बर्फी. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली ही कुत्री मी घरी आणली. माझ्यामागे तिचे काय, या काळजीने मला झोप येईना. कोणी समोर बसले की ती पुढचा पाय उचलून देते. तिथे रक्त काढताना तशी सवय लावलेली असते. धर्मेंद्रला वाटते ती शेकहँड करते. तो व्हिडिओ काढतो. वहिनीने मात्र विचारले, "हाई पाय काब पुढे करस?" मी कारण सांगितले. वहिनी खाली बसली, तो पाय हातात धरून हळूच जमिनीवर ठेवला. "ठेव वं माय. आते तुले कोनी टोचनार नही." मला रडू आले, आणि फार आनंद झाला.

बर्फी मोहिनीवहिनीला.

५. सहीच्या वेळी वहिनी साक्षीदार म्हणून ऐटीत बसली होती. तिला उठवावे लागले.

"काब? मन्ही काय चूक व्हयनी?"

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे सांगून कलम चौथे वाचून दाखवले. तिने बर्फीला जवळ ओढले. मग म्हणाली, "तुले मराले येळ लागी. मी हिले आजच लई जास."

सबब कलम चौथे माझ्या हयातीतच अमलात आले आहे. बाकीच्यांनी वाट पाहावी.

सही : तापी नथ्थू पाटील

साक्षीदार :
सुभाषचंद पारख, कापड दुकानदार
नवनीत पाटील (वहिनीच्या जागी, शेतातून बोलावून)

सारंगखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार
९ फेब्रुवारी २०२५