‘अनुरूप’च्या आधी
३ फेब्रु. २००४
सावंगीच्या टायपिंगच्या दुकानात आज तमाशा. एका डॉक्टरीणबाईंचा प्रबंध त्यांच्या सरांच्या दुरुस्त्या घालून आम्ही फ्लॉपीत दिला. बाईंनी घरी उघडला तर सरांनी आधी लिहून मग काढायला लावलेला शेरा तांबड्या अक्षरांत समोर : ‘हे कुठून उचललं?’ म्हणजे खोडलेलं जात नाही, फाइलच्या पोटात बसून राहतं. मालकीण मंदाताईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र थक्क. टाइपरायटरवर इतकी वर्षं व्हाइटनर फासलं, आणि हे यंत्र काहीच विसरत नाही.

५ फेब्रु.
नवा नियम. फाइल बाहेर जायच्या आधी मी ‘धुवायची’. लपलेले बदल उघडून बघायचे, मान्य करायचे, सेव्ह. मान्य केलं की खोडलेलं कायमचं गेलं. लोकांच्या पोटातलं काय काय दिसतं! एकानं आभारांतून बायकोला काढून मेव्हण्याला घातलंय. कुणाला सांगायचं नाही, ही म.ताईंची ताकीद.

९ फेब्रु.
मी पोस्टात गेले तेव्हा बाबा नाचणगावहून दुकानात येऊन गेले म्हणे. माझा बायोडाटा म.ताईंना सांगून टाइप करून घेतला. अमरावतीच्या स्थळानं ई-मेलवर मागवलाय. मला विचारलं नाही. किराण्यावर बसून अख्ख्या गावाशी गप्पा, माझ्याशी फक्त ‘जेवली का’. आई गेल्यापासून घरात दोघंच, तरी हे असं. रागच आला.

१० फेब्रु.
माझीच फाइल धुवायला घेतली. नाव, रास, शिक्षण ठीक. शेवटी ‘अपेक्षा : अनुरूप’. सगळ्यांचं असतं तेच. लपलेले बदल उघडले. ‘अनुरूप’च्या आधी तांबड्या ओळी, सगळ्या खोडलेल्या :
‘पोरगी झोपेत बोलते. तिले हसू नये. उठवू नये. आईले हाका मारते, मंग आपोआप शांत होते. तिची नोकरी सोडवू नये.’
मी झोपेत बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे बाबा जागे असतात. ऐकत असतात. उठून म.ताईंना विचारलं.
म.ताई म्हणाल्या, “ते सांगत गेले, मी टाइप करत गेली. मंग म्हणे, काढ बाई हे सारं, लोक काय म्हणतीन. अनुरूप लिही.”

११ फेब्रु.
पाठवली नाही. धुतली तर बाबांचं बोलणं पुसलं जाईल. न धुता पाठवली तर तिकडे त्यांची लपवाछपवी दिसेल. माझ्यापुरती प्रत ठेवता येते, पण बाबांना हे मला नाही, त्या लोकांना सांगायचं होतं. वाचून स्थळ मोडलं तर? मुलगा फोटोत आवडलाय, खोटं कशाला बोलू.

१२ फेब्रु.
बाबांचं खोडणं नामंजूर केलं. ‘अनुरूप’ गेलं, ओळी काळ्या होऊन जागेवर आल्या. मग फाइल धुतली आणि पाठवली.
घरी पाय ठेवताच, “धाडला का व बायोडाटा?”
“हो.”
“बदल तं नाई केला काही?”
“नाई. तुमी सांगतलं तेच गेलं.”
“बरं. जेवली का?”

१५ फेब्रु.
अमरावतीहून अजून काही नाही. झोपायला आले. पलीकडच्या खोलीत बाबा खोकतायत, जागेच आहेत.